एका माणसाचे चाळीस अंगठे

नळ मागायला गेलेल्या माणसाची दहाच्या दहा बोटं सरकारजमा होतात, हे अमोलिक मास्तरांना कोणी आधी सांगितलं असतं तर ते त्या सोमवारी कचेरीत गेलेच नसते. घरात बसून मुलांच्या वह्या तपासल्या असत्या, आणि तहान लागली असती तर विहिरीचं गढूळ पाणी मुकाट्याने प्यायले असते. पण सांगणार कोण? आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांना तोटा नाही, फक्त हवा तो सल्ला हव्या त्या दिवशी मिळत नाही.

गोष्ट त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यातली. भिंगारला छावणीच्या अंगाला एक्केचाळीस खोल्यांची एक लाईन होती. लष्करी गोदामातले हमाल, मेसमधले स्वैपाकी, धोबी, माळी अशांची ती वस्ती. पण लढाईने त्यातले बहुतेक पुरुष कुठे कुठे उचलून नेले होते आणि लाईन बायांच्याच जिवावर चालली होती. अगदी शेवटच्या खोलीत शमुवेल अमोलिक राहत. मिशनच्या शाळेत दुसरीला शिकवत, मुलांना बोरू तासून देत, आणि लाईनीतल्या सगळ्यांची पत्रं लिहून देत. त्यांचं अक्षर इतकं सुरेख होतं की दुःखाची बातमीसुद्धा त्यांच्या हातची आली तर लोक आधी अक्षराची तारीफ करत आणि मग रडत.

लाईनीला एकच नळ होता. छावणीत लॉऱ्या आल्या, लॉऱ्यांना आंघोळ लागते असं कोणा साहेबाच्या डोक्यात आलं, आणि एका सकाळी चार माणसांनी येऊन तो नळ मुळासकट उपटला व लॉऱ्यांच्या आवारात नेऊन बसवला. तेव्हापासून बाया मैलभर लांबच्या विहिरीवर जात. वाटेत ते आवार लागे. तारेपलीकडे एक सोल्जर शीळ घालत लॉरीच्या चाकांवर पाण्याची धार सोडत असे, आणि तारेअलीकडून डोक्यावर रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया ते बघत पुढे जात. मास्तरांनी हे एकदा पाहिलं, आणि त्या दिवशी दुसरीच्या मुलांना विनाकारण मार बसला.

"मी नळ आणून दाखवतो," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं.

"आधी भोपळा आणून दाखवा," त्यांच्या पत्नी रेबेकाबाई म्हणाल्या. "परवापासून सांगतेय."

पाणीवाटपाच्या कचेरीत गहिनीनाथ नावाचा कारकून बसे. हा गृहस्थ कोणालाही नाही म्हणत नसे. तो नियम सांगे. नाही म्हटलेला माणूस निदान घरी जातो, नियम सांगितलेला माणूस पुन्हा येतो, आणि गहिनीनाथाला माणसं पुन्हा पुन्हा आलेली आवडत.

"मास्तर, मागणी रास्त आहे," तो म्हणाला. "अर्ज करा. लाईनीतल्या प्रत्येक घराची संमती पाहिजे."

"मी सगळ्यांच्या वतीने सही करतो."

"तुम्ही पाणी भरता?"

मास्तरांना भोपळ्याचीही आठवण झाली.

"जी पाणी भरते तिची संमती. घरटी एक बाई. सही येत असेल तर सही, नसेल तर अंगठा. येत्या शनिवारपासून पंधरा दिवसांत आणा. नाहीतर कचेरीत आलेला एक नवा नळसुद्धा लॉऱ्यांकडे जाईल."

एक्केचाळीस घरं. रेबेकाबाईंना सही येत होती. राहिले चाळीस अंगठे. मास्तरांना वाटलं, एका दुपारचं काम. शाईची गादी आणि सुरेख अक्षरातला अर्ज काखोटीला मारून ते पहिल्या खोलीपासून निघाले, सहा दारांत 'आधी छबूबाईला इचारा' एवढंच ऐकत गेले, आणि सातव्या खोलीपाशी त्यांची यात्रा संपली, कारण सातवी खोली छबूबाईची होती.

छबूबाई मेसच्या कोठारात धान्य निवडायला जाई. मूळची कोल्हारची, प्रवरेच्या काठी तिच्या नवऱ्याची चार बिघे जमीन होती. नवरा वारला, आणि दहाव्याच्या दिवशी, अजून पिंडाला कावळा शिवायचा होता तेव्हा, दिराने तिचा अंगठा धरून एका कागदावर टेकवला. वारसाची नोंद करायचीय, म्हणाला. नोंद झाली, ती दिराच्या नावावर. तेव्हापासून छबूबाईचं एकच व्रत होतं आणि ते तिने लाईनीतल्या एकूण एक बाईला दिलं होतं.

"अंगठा न्हाई," ती दारात उभी राहून म्हणाली.

"अहो, नळासाठी आहे. पाणी मिळेल."

"माजा दीर बी हेच म्हनला हुता. तुमच्यासाठीच हाय, वयनी."

"मी तुमचा दीर आहे का?"

"न्हाई. पर कागूद सारकाच दिसतोय." ती वळून शेजारच्या दारांकडे ओरडली, "ए राहीबाई, चांगुणे, ऐकलं का गं? मास्तर अंगठे गोळा करत्यात!" आणि धडाधड दारं लागली.

मास्तर मनातून चिडले, पण शिक्षकाला चिडण्यावर एक उपाय ठाऊक असतो, तो म्हणजे शिकवणं. अंगठा नको ना? मग सही शिका! रोज दुपारी त्यांनी आपल्या खोलीपुढे बायांचा वर्ग भरवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अकरा बाया आल्या, दुसऱ्या दिवशी सहा, कारण पाच जणी विहिरीवर गेल्या होत्या. पाणी आणायला वेळ जातो म्हणून सही शिकता येत नाही, आणि सही येत नाही म्हणून पाणी येत नाही, असं ते गणित मास्तरांनी फळ्यावर मांडून पाहिलं, पण ते सुटेना. बाराव्या दिवसापर्यंत फक्त बनुबाईला 'ब' येऊ लागला. तिला इतका आनंद झाला की तिने कोळशाने सगळ्या लाईनीच्या दारांवर 'ब' काढून ठेवला. त्यातला एक रेबेकाबाईंच्या धुतलेल्या पलंगपोसावरही होता.

छबूबाई वर्गाला येई, पण पाटीला हात लावत नसे. "सही शिकून काय करू?" ती म्हणे. "माज्या दिराला झकास सही येत हुती."

मुदतीतला शेवटचा शुक्रवार उजाडला. अर्जावर एकही अंगठा नव्हता. तेव्हा शेजारचे रंगनाथ मदतीला धावले. हे गोदामात स्टोअरकीपर होते, आणि स्वतः कधी काहीही न करता दुसऱ्याला सगळं करायला लावण्यात त्यांचा हातखंडा होता.

"मास्तर, तुम्ही फार सरळ," रंगनाथ सुपारी कातरत म्हणाले. "सरकारला काय लागतं? डाग. नावासमोर एक निळा डाग दिसला की झालं. कोणाचा आहे हे बघायला कोणाला वेळ आहे? साऱ्या जगात लढाई पेटलीय!"

"म्हणजे मी खोटे अंगठे करू?"

"खोटे कसे? बायांना पाणी खरंच हवंय ना? मग अंगठा फक्त त्या इच्छेची खूण. इच्छा खरी, खूण कोणाची का असेना."

रविवारच्या बायबलच्या शाळेत मुलांकडून 'खोटी साक्ष देऊ नको' घोकून घेणाऱ्या माणसाला हे पटायला नको होतं. पण त्याच दुपारी लंकाबाई विहिरीवरून येताना घसरून पडली, घागर फुटली, गुडघा फुटला, आणि तारेपलीकडच्या सोल्जरने शीळ थांबवून हसून घेतलं. मास्तर घरी आले. दार लावलं. शाईची गादी उघडली.

एकदा पाप करायचं ठरल्यावर ते त्यांनी नीटनेटकं केलं, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. चाळीस नावं, दहा बोटं, म्हणजे प्रत्येक बोट चार वेळा. एकच बोट लागोपाठ येऊ नये म्हणून त्यांनी आधी पाटीवर क्रम मांडला. बायांचा अंगठा नाजूक असणार, तेव्हा करंगळी आणि अनामिका तरुण सुनांना दिल्या. म्हाताऱ्यांसाठी बोट जरा तिरकं, थरथरतं टेकवलं. चांगुणा धांदरट म्हणून तिचा ठसा फिसकटवला. राहीबाईचा अंगठा तर इतका झकास उठला की त्यांनी तो दूर धरून दोनदा पाहिला. छबूबाईच्या नावापाशी मात्र हात थांबला. मग त्यांनी उजव्या हाताची तर्जनी टेकवली आणि पटकन पुढच्या नावावर गेले.

शनिवारी गहिनीनाथाने अर्ज घेतला, चाळीस निळे डाग मोजले, आणि "उत्तम" म्हणाला. मास्तर घरी येताना भोपळा घेऊन आले.

आता उजव्या तर्जनीची हकीकत. वीस वर्षांपूर्वी एका मुलासाठी बोरू तासताना चाकू सटकला होता आणि बोटाच्या पेरावर आडवा, खोल वण राहिला होता. मास्तरांच्या तो लक्षातही नव्हता. आपलं बोट आपण किती वेळा बघतो? पण कचेरीवर नुकताच आलेला साहेब तरुणपणी बंगालात पोलिसात होता आणि बोटांचे ठसे हा त्याचा शौक होता. दुसरे साहेब फुलपाखरं जमवतात, हा बोटं जमवी. त्याने अर्ज बघितला, खिशातलं भिंग काढलं, आणि छबूबाई, लंकाबाई, बनुबाई व कडूबाई या चार निरनिराळ्या बायांना एकाच ठिकाणी एकच जखम झाल्याचं त्याला आढळलं. मग त्याने जेवणही सोडलं. संध्याकाळपर्यंत त्याने ठरवून टाकलं की चाळीसही अंगठे एका माणसाच्या दहा बोटांचे आहेत.

साधी वेळ असती तर साहेबाने अर्ज फाडला असता. पण बेचाळीसचा दणका ताजा होता. नगरच्या किल्ल्यात देशातली मोठमोठी माणसं कोंडलेली होती. त्यामुळे त्या काळी भिंगारच्या साहेबांना वरणात खडा लागला तरी त्यात कट दिसे. लष्कराच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीत कोणीतरी चाळीस खोट्या बाया उभ्या करतो, तो उद्या काय उभं करील? हुकूम सुटला की त्या लाईनीतल्या प्रत्येक माणसाच्या दहाही बोटांचे ठसे घ्यावेत.

मंगळवारी फौजदार आला. बरोबर दोन शिपाई, एक टेबल, काळी शाई फासलेला जस्ताचा पत्रा, रबरी रूळ, आणि कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा. प्रत्येक पट्टीवर दहा चौकोन. बाया दारांआडून बघू लागल्या.

मास्तर मात्र पळपुटे नव्हते. अंगात कोट चढवून, टोपी नीट करून ते टेबलापाशी गेले आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाले, "ते सगळे ठसे माझे आहेत. मी एकट्याने केले. या बायांना त्यातलं काही माहीत नाही. मला न्या, आणि हे सामान उचला."

आयुष्यात एवढं धैर्य त्यांनी प्रथमच दाखवलं होतं. निदान कोणीतरी थक्क व्हावं अशी त्यांची अपेक्षा होती. फौजदाराने जांभई दिली.

"तुम्ही म्हणता म्हणून?" तो म्हणाला. "तोंड काय, काहीही बोलतं. बोट दाखवा."

शिपायाने त्यांचा हात मनगटाशी पकडला. पंचवीस वर्षं ज्या हाताने शेकडो मुलांना 'ग' गिरवायला शिकवला, तो हात त्या शिपायाने भाजीवालीकडची काकडी उचलावी तसा उचलला, बोट पत्र्यावर लोळवलं, कागदावर लोळवलं. एक, दोन, तीन, दहा. मास्तरांचे कान तापले.

"मला सही येते," ते म्हणाले. "मी शिक्षक आहे."

"खुन्यांनाही येते," फौजदार म्हणाला. तर्जनीचा वण भिंगाखाली धरून त्याने मान हलवली. "हं. तुम्हीच ते."

"झालं ना मग? आता बायांची बोटं कशाला?"

"हुकूम आहे. प्रत्येक माणसाची."

"पण गुन्हेगार सापडला!"

"गुन्हेगार सापडला हे वेगळं, यादी पुरी झाली हे वेगळं."

या वाक्याने मास्तरांचं डोकं जे भडकलं ते पुढे कितीतरी दिवस शांत झालं नाही. ते तिथेच टेबलावर मूठ आपटून बोलू लागले. जमीन विकणाऱ्याचा अंगठा घेता, ठीक, तो उद्या नाकबूल होईल. पेन्शनवाल्याचा घेता, तो मेला असेल म्हणून. चोराचा घेता, तो पुन्हा चोरी करील म्हणून. फासेपारध्याचं पोर चोरी करायच्या आधीच त्याची बोटं नोंदवून ठेवता, का, तर ते पारध्याच्या पोटी आलं म्हणून! आणि आता तहान लागली म्हणून घेणार? माणसाने आपल्याजवळ काही ठेवायचं की नाही? ही पट्टी तुम्ही फाडणार कधी?

"फाडत नाही," फौजदार शांतपणे म्हणाला. "तुम्ही गेल्यावरसुद्धा राहते. आणि आवाज कमी करा मास्तर. दुसऱ्याच्या नावावर खोटा अंगठा. सात वर्षंसुद्धा होतात."

सात वर्षं म्हटल्यावर रेबेकाबाई उंबऱ्यातूनच रडू लागल्या. रंगनाथ शेजारच्या दारात उभे होते, ते हळूच आत गेले. त्यांच्या दाराची कडी लागल्याचा आवाज साऱ्या लाईनीने ऐकला.

फौजदार स्वभावाने दुष्ट नव्हता, त्याला फक्त यादी पुरी करायची होती. त्यामुळे रेबेकाबाईंच्या रडण्यातून त्याने एक वाट काढली. समजा, बायांनीच मास्तरांना आपल्या वतीने अंगठा करायची परवानगी दिली होती. मग तो गुन्हा राहत नाही, अडाणीपणा होतो, आणि अडाणीपणाला समज देऊन सोडता येतं. तसा एक जबाब लिहायचा.

"आणि त्या जबाबाखाली?" मास्तरांनी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"चाळीस जणींचे अंगठे. शिवाय पट्टीवर दहा-दहा बोटं. एकही कमी चालणार नाही. एकीने जरी नाही म्हटलं, तरी तिच्यापुरता तुमचा अंगठा खोटा."

म्हणजे 'आमचा अंगठा तुम्ही करा' असं आम्ही म्हटलं होतं, हे सांगायला जिचा तिने अंगठा करायचा! मास्तरांना हसू यायला हवं होतं. पण डोळ्यांत संतापाचं पाणी आलं, कारण शिपायाने त्यांना पिंपळाखाली बसवलं होतं, आणि त्यांना सोडवायला एकेक दार उघडत होतं. राहीबाई आली. चांगुणा आली. बनुबाई आली आणि शाईने बरबटलेल्या बोटाने पट्टीच्या कोपऱ्यात एक 'ब'ही काढून गेली. गुडघ्याला फडकं बांधलेली लंकाबाई लंगडत आली. "मास्तरांनी माज्या पोराची पत्रं लिवली," एवढंच प्रत्येकीने काही ना काही शब्दांत सांगितलं. जिने तिने पदराला बोटं पुसली. डाग काही जाईना.

एकोणचाळीस झाल्या. सातवं दार बंदच होतं.

मास्तरांनी फौजदाराची परवानगी मागितली आणि ते स्वतः त्या दारापाशी गेले. छबूबाईने दार उघडलं. ती रडली नव्हती, संतापली होती.

"माज्या नावाफुडं बी केला व्हय?"

"होय."

"मला न इचारता?"

"होय, छबूबाई."

"माज्या दिरानं निदान माजाच अंगठा धरला हुता," ती म्हणाली.

मास्तरांना आजवर हेडमास्तरांनी फटकारलं होतं, मिशनच्या मडमेने फटकारलं होतं, रेबेकाबाई तर रोजच फटकारत. पण हे वाक्य त्यांच्या जे जिव्हारी लागलं तसं दुसरं काही कधी लागलं नाही. "तुम्ही अंगठा देऊ नका," ते म्हणाले. "मी सांगतो त्यांना. जातो सात वर्षं."

ते खरंच वळले. दहा पावलं गेले असतील.

"थांबा," छबूबाई म्हणाली. "कागूद वाचून दावा आदी. मागल्या येळी कुनी वाचला न्हवता."

ती टेबलापाशी आली. मास्तरांनी जबाब वाचला. ती म्हणाली, परत. त्यांनी परत वाचला. ती म्हणाली, त्यात माजं काय जातं ते सांगा. मास्तर म्हणाले, काही जात नाही, फक्त ठसे जातात, ते कायम पोलिसांकडे राहतील. ती म्हणाली, मग काय जात न्हाई असं कसं म्हनता? फौजदाराने घड्याळ बघितलं. ती म्हणाली, परत वाचा. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने हात पुढे केला आणि तोंड फिरवलं. शिपाई दहा बोटं लोळवत होता तेवढा वेळ ती मास्तरांकडेच बघत होती, आणि मास्तर जमिनीकडे.

मास्तर सुटले. फौजदाराने समज दिली, ती त्यांनी दात आवळून घेतली. रंगनाथ बाहेर आले आणि म्हणाले, "मी म्हटलंच होतं, काही होत नाही." रेबेकाबाईंनी त्यांच्या अंगावर भोपळ्याच्या साली टाकल्या.

पण लाईन बदलली. आपली बोटं सरकारला ठाऊक आहेत ही गोष्ट माणसाला स्वस्थ बसू देत नाही. चांगुणा शेजारणीच्या भांड्याला हात लावीना. कुठे काही हरवलं तर माझंच बोट निघायचं, म्हणे. राहीबाई दाराची कडी लावली की पदराने पुसून घेई. मेसमध्ये बशी फुटली की मुकादम म्हणे, "थांबा, ठसे तपासायला पुण्याला पाठवतो बशी," आणि बाया खरंच पांढऱ्या पडत. आयुष्यभर कोणाचा दाणा न उचललेल्या बाया चोरासारख्या वावरू लागल्या. मास्तरांना तर फळ्यावर हात टेकवायचीही चीड येऊ लागली.

आणि एवढं होऊन, तीन आठवड्यांनी, कचेरीतून लखोटा आला. 'सदर अर्जावरील चाळीस संमती एकाच इसमाच्या असल्याने अर्ज रद्द. इच्छा असल्यास नव्याने संमती जोडून अर्ज करावा.'

मास्तर लखोटा घेऊन तडक निघाले. सातव्या खोलीपाशी छबूबाई घागर घेऊन निघत होती. त्यांचं तोंड बघूनच तिने काय ते ओळखलं. "चला," ती म्हणाली, "म्या बी येते." ती निघाली म्हणून राहीबाई निघाली, मग लंकाबाई, मग बाकीच्या. सगळ्यांच्या काखेत रिकाम्या घागरी तशाच राहिल्या.

गहिनीनाथाने खिडकीतून हा तांडा बघितला आणि चष्मा लावला.

"नियम आहे, मास्तर. नवे अंगठे आणा."

"नवे कशाला? या चाळीस जणींचे खरे अंगठे, एकूण एक, फौजदाराकडे आहेत. मागवून घ्या. हवे तर साहेबांच्या भिंगाखाली धरा."

"ते मिळणार नाहीत." गहिनीनाथाने आवाज खाली आणला. "ते गोपनीय असतात."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाला दाखवत नाहीत."

"जिचे आहेत तिलाही?"

"तिला तर नाहीच नाही."

छबूबाईने घागर टेबलाच्या कडेला ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "देतो आमी पुना. चाळीसच्या चाळीस, हितंच, आत्ता. पर कागदावर लिवा की अंगठं भेटल्यापासून म्हैन्याच्या आत नळ बसल. आन त्याच्या खाली तुमचा अंगठा."

"माझी सही देतो की. मला सही येते."

"सही न्हाई. सही कुनाची बी कुनी बी करतं. अंगठा."

गहिनीनाथ हसला. कोणीच हसलं नाही. "अहो बाई, मी सरकारी नोकर. माझा अंगठा घेऊन तुम्ही काय करणार?"

"तुमी काय वंगाळ केलंय, म्हनून भ्याय लागलाय?" छबूबाईने विचारलं.

गहिनीनाथाचे दोन्ही हात टेबलावर होते. ते हळूहळू मागे सरकले आणि टेबलाखाली गेले. बायांनी घागरी दारात ओळीने मांडल्या आणि त्या घागरींमागे बसल्या. साहेब दौऱ्यावर होता. आत कोणी येईना, बाहेर कोणी जाईना. गहिनीनाथाने नियम सांगितला. मग दुसरा सांगितला. मग पोलिसाला बोलावतो म्हणाला. "बोलवा," छबूबाई म्हणाली, "त्याच्याकडं आमी हायच." दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. टेबलाखालचे हात काही वर येईनात, पाणी प्यायलाही नाहीत. साडेचारला एक हात वर आला. मास्तरांनी आपल्या सुरेख अक्षरात कागद लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि गहिनीनाथाचा डावा अंगठा त्याच्याच गादीवर टेकवून त्याखाली उमटवून घेतला. मग एकामागून एक चाळीस बायांनी, आपापल्या हाताने, नव्या अर्जावर अंगठे केले.

छबूबाईने गहिनीनाथाचा कागद फुंकर मारून वाळवला, चौघडी केली आणि कमरेला खोचला. बाया घागरी उचलून बाहेर पडल्या. मास्तर शेवटी निघाले, तेव्हा गहिनीनाथ अंगठ्याला टीपकागद घासत त्यांच्यामागे दारापर्यंत आला.

"मास्तर," तो घशातल्या घशात म्हणाला, "तो कागद ती बाई ठेवणार कुठे? कोणाला दाखवणार तर नाही ना? नळ बसल्यावर तरी फाडेल ना ती?"

अमोलिक मास्तरांनी टोपी नीट केली.

"ते गोपनीय आहे," ते म्हणाले, आणि बायांना गाठायला भरभर चालू लागले.